दर्याने परत पाठवलेला नारळ

ती. गिरजाआत्यास,

तुझ्या आणि नाथामामांच्या पायांवर डोकं ठेवून तुझा भाचा निकेश लिहितो की मी इकडे विशाखापट्टणला सुखरूप आहे (सुखरूप हा शब्द पत्राच्या पहिल्या ओळीत यावा लागतो म्हणून घातला, तो फार मनावर घेऊ नको). तुझे गुडघे कसे आहेत? ओट्याच्या पायरीवर पावसात शेवाळ धरतं, तिथे राख टाकत जा. मागल्या साली घसरून पडलीस तू आणि शिव्या खाल्ल्या मी. मामांचा खोकला बसला का? बसला नसला तरी त्यांना तंबाखू सोडायला सांगू नको, सांगितलं की ते जास्त खातात. काळी शेळी व्यायली का, आणि किती झाली, तेही कळव. (कशावर कळवणार म्हणा. तेच पुढे येतंय.)

तू म्हणशील, हल्ली पत्र कोण लिहितो. मी तरी कुठे लिहिणार होतो. सातवीनंतर एवढं लांब मी काही लिहिलेलं नाय, आणि सातवीतसुद्धा शेजारच्याचं बघून लिहायचो. इथे शेजारी सगळे तेलुगू. पण आत्या, माझा फोन समुद्रात आहे. हरवला नाय, चोरीला गेला नाय. कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे, दोन खडकांच्या मधल्या कुंडात, डाव्या अंगाला, काटेरी गोळ्यांच्या शेजारी. फक्त काढता येत नाय. म्हणून हे पत्र. मामांना चष्मा लावून वाचायला सांग, आणि कंसातलं त्यांनी मनातल्या मनात वाचावं, ओट्यावर माणसं बसलेली असतात.

ज्या नारळाने हे सगळं केलं तो तू पाठवलास. दोष देत नाय, आठवण करून देतो. माझ्या खोलीतला धनेश रजा संपवून गावाहून आला (खांबचा धनेश, नूतनचा चुलत भाऊ, त्याच्या पोटात गोष्ट राहत नाय आणि फोनमध्ये तर मुळीच राहत नाय), तेव्हा त्याच्या बॅगेत तू विहिरीकडच्या माडाचा नारळ लाल फडक्यात बांधून दिला होतास. वर निरोप. नारळीपुनवेला पोराने स्वतःच्या हाताने, गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून, दर्याला नारळ द्यावा. काठावरून भिरकावू नये, भिरकावलेला नारळ दर्या घेत नाय. आणि देताना म्हणावं, की या पोराचा पाय एका जागी ठरू दे आणि केरूकाकांच्या तोंडून हो येऊ दे. धनेशने हा निरोप मला सगळ्या पोरांसमोर, जेवायच्या लायनीत, दोनदा सांगितला.

केरूकाकांची अट तुला पाठ आहे, पण मामा विसरले असतील म्हणून लिहितो. दिवाळीपर्यंत पोरगा एका कामावर टिकला तर त्यांची नूतन त्याला, नाय टिकला तर कोलाडच्या त्या औषधाच्या दुकानवाल्याला. यात केरूकाकांची चूक नाय. डोलवीला ठेकेदाराकडे होतो ते काम मी सोडलं कारण शिफ्ट सारखी बदलायची. मग रोह्याला बेकरीत होतो ते सोडलं कारण तिथे काहीच बदलायचं नाय. पेणला गणपतीच्या कारखान्यात होतो, तिथे मला डोळे रंगवायला देत नसत, नुसते उंदीर देत. पोल्ट्री सोडली कारण कोंबड्या माझ्याकडे बघत राहायच्या. (हे कारण तुला तेव्हाही पटलं नव्हतं. पण हजार कोंबड्या एकदम बघायला लागल्या ना आत्या, की माणसाला आपण काय करतोय असं वाटायला लागतं.) इकडे निघताना तूही शपथ घातलीस की हेही काम सोडून आलास तर दार उघडणार नाय. तर आता बघ, एका बाजूला केरूकाका, एका बाजूला तुझं दार, आणि मध्ये मी, कंपनीच्या भट्टीभोवती उंच परांची बांधतोय. दिवसभर बांधायची, दुरुस्ती झाली की सोडायची, पुढच्या भट्टीला परत बांधायची. एका जागी टिकायला सांगितलेल्या माणसाला देवाने कामसुद्धा असं दिलं की जे कुठेच टिकत नाय.

आता समुद्राचं. तुला वाटत असेल, समुद्र म्हणजे आपल्या खाडीसारखा, पुढे जाऊन जरा रुंद. तसं नाय. आपल्याकडे पाणी गेलं की चिखल, चिखलात पाय गेला की गुडघा, आणि गुडघा गेला की बोंब. तळ कसा असतो ते आपण कधी बघितलंच नाय, आपल्या पाण्याला तळ असतो हेच मला इकडे येऊन कळलं. इथे शहराच्या ऐन मध्ये, मोठ्या रस्त्याच्या कठड्याखाली, एक चिमुकला किनारा आहे. वाळू आपल्या खळ्याएवढी, बाकी सगळे काळे खडक. वर गाड्या धावतात, कणसं भाजणारा बसतो, पोरं-पोरी भिंतीकडे तोंड करून बसतात (समुद्राकडे पाठ करून, एवढ्या लांबून येतात आणि भिंत बघतात). पाणी ओसरलं की त्या खडकांत कुंडं उरतात, कुठे परातीएवढी, कुठे आपल्या मोरीएवढी, एकात तर म्हैस बसेल. आणि आत काय पाणी, आत्या. तू स्टीलचा पेला घासून ठेवतेस तसं. त्यात बोटाएवढे पट्ट्यापट्ट्याचे मासे, काचेसारखी कोळंबी जिच्या पोटातलं दिसतं, काटेरी काळे गोळे, आणि दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे, ते शंख घेऊन इकडून तिकडे फिरतात. (त्यांच्याकडे बघून मला माझीच आठवण आली. भाड्याचं घर पाठीवर आणि सारखी चाल.)

पण सगळ्यात जास्त मी बघत बसायचो ते एक फूल. फूल नाय ते, जनावर आहे. खडकाला चिकटलेलं असतं, झेंडूसारखं उघडतं, बोट लावलं की मिटतं आणि मुठीएवढी शेंबडी गाठ होते. जन्मभर एका जागी. पाणी येतं, जातं, ते आपलं तिथेच. दर रविवारी मी जायचो, तर तेच फूल, त्याच जागी. मला वाटायचं, केरूकाकांचा जावई व्हायला जगात एवढं लायक कुणी नसेल. नूतनला फोनवर मी त्या फुलाचं सांगायचो, तर ती सारखी विचारायची, त्याला बोट लावल्यावर दुखत असेल का. मी म्हणायचो, विचारून सांगतो. असं आमचं बोलणं. (यात वाईट काही नाय, धनेश शेजारीच झोपलेला असायचा.)

पुनव जवळ आली तसा मी खोलीत तिथीचा विषय काढला. तिथेच माझा नाश झाला. मामांनी मला लहानपणापासून मिठागराच्या बांधावर उभं करून शिकवलंय, की पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराला, मग रोज थोडी थोडी पुढे, आणि पुनवेला सकाळी सहाला पाणी तळाला. मामा घड्याळ न बघता बांधाच्या दाराची, उघाडीची फळी उचलायचे आणि पाणी बरोबर मिठाच्या आगरात यायचं. ती एवढी एक विद्या माझ्याजवळ आहे, बाकी कुठल्याच शाळेने मला काही चिकटवलं नाय. मी खोलीत सगळ्यांना सांगून टाकलं की समुद्राचं मला विचारा. आमचे मुकादम काळुरामदादा रोह्याच्याही आतले, जन्म भाताच्या आणि वालाच्या शेतात गेला, पाणी म्हणजे त्यांना बांधाने अडवलेलं माहीत. ते म्हणाले, मग मीपण येतो, माझ्या पोरीच्या परीक्षेचा नारळ द्यायचा आहे. मी म्हटलं, या. असं म्हटलं जणू समुद्र माझ्या मालकीचा.

माझा हिशोब तू बघ आणि सांग कुठे चुकला. पुनवेला सहाला पाणी तळाला. म्हणजे पहाट फुटताना ओहोटीचं शेवटचं पाणी बाहेर चाललेलं असणार. आपण पार टोकाच्या खडकावर जायचं, गुडघाभर पाण्यात नारळ सोडायचा, जातं पाणी तो आपल्याबरोबर घेऊन जाणार, आपण माघारी येऊन आंघोळ करून आठला कंपनीच्या गेटावर. मामा असते तर त्यांनीही हाच हिशोब केला असता. (हे त्यांना मोठ्याने वाचायला सांग.) एक गोष्ट मात्र मला तेव्हाच कळायला हवी होती. आपल्याकडे सूर्य खाडीत बुडतो. तिथे तो समुद्रातून वर येत होता. ज्या समुद्राला सूर्याची बाजूसुद्धा सांभाळता येत नाय, तो मामांची तिथी काय सांभाळणार. पण मी सूर्याला हात जोडले आणि पुढे निघालो.

काठावर एक म्हातारी मासळीची पाटी घेऊन बसली होती. आम्ही खडकांवर चढायला लागलो तशी ती हाताने खालून वर, खालून वर असं करायला लागली, तोंडाने तेलुगू. काळुरामदादांनी विचारलं, काय म्हणते. मी म्हटलं, आशीर्वाद देते, वर जा, मोठे व्हा. काळुरामदादांनी तिला हात जोडले. तिने कपाळाला हात लावला. मला वाटलं, नमस्कार परत केला.

धनेश वाळूवरच थांबला. त्याला तू साक्षीदार म्हणून नेमलं होतंस म्हणे, नारळ खरंच दिला का ते व्हिडिओत काढायला. मी आणि काळुरामदादा टोकाच्या खडकावर पोचलो, त्याच्या अलीकडे ते म्हैस बसेल एवढं कुंड. काळुरामदादांनी सेफ्टी बूट काढले, त्यात पाकीट ठेवलं, आणि पाकिटात आमच्या सगळ्या गँगचे गेटपास. (ते सगळ्यांचे पास स्वतःजवळ ठेवतात, पोरं पळून जाऊ नयेत म्हणून. यात कोणावर विश्वास नाय ते मी विचारलेलं नाय.) बूट खडकावर, आणि दादा कुंडात पाय सोडून बसले. छोटे मासे येऊन त्यांच्या टाचांना टोचायला लागले तसा तो माणूस लहान पोरासारखा हसायला लागला. मुकादम हसताना मी पहिल्यांदा बघितला. त्यांनी स्वतःचा नारळ बाहेरच्या बाजूला सोडला, लाट आली आणि घेऊन गेली. पोरगी पास होणार.

मग मी माझा सोडला. पुरा गुडघाभर पाण्यात उतरून, हाताने, हळू, तू सांगितलंस तसा, तू सांगितलंस ते शब्द म्हणून. नारळ निघाला. दोन हात गेला, थांबला, जरा विचार केला असं वाटलं, आणि परत आला. मी परत सोडला. तो परत आला आणि या वेळी मला वळसा घालून कुंडात शिरला आणि तिथे गरगर फिरायला लागला. मी कुंडात उतरून त्याला फटीतून बाहेर ढकलला. तो बाहेर गेला, लाटेवर बसला आणि आत येऊन काळुरामदादांच्या नडगीवर आपटला. दादा म्हणाले, तुझा नारळ शिकवलेला आहे काय. खरं सांगतो आत्या, मी एवढ्या कामांवरून निघून परत आलो, पण इतक्या झटपट कधी आलो नव्हतो. एकाच देवाला एकच गोष्ट मी किती वेळा सांगायची. शेवटी तर मी नवसाचे शब्द सोडून नुसतं, जा ना बाबा, जा ना बाबा, असं म्हणत होतो.

एवढ्यात काळुरामदादांचा बूट पोहत गेला. एकच. दुसरा थोडा वेळ थांबला आणि मग जोडीदारामागे तोही गेला. ज्या बुटात पाकीट होतं तो आधी गेलेला. दादांनी माझ्याकडे बघितलं, मी पाण्याकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघांनी मागे बघितलं. आम्ही ज्या खडकांवरून चालत आलो ते खडक तिथे नव्हते. पाणी होतं. मी म्हटलं, हे शक्य नाय, आज पुनव आहे. काळुरामदादा म्हणाले, "पुनव मला नको सांगू. मला वाळू दाखव."

त्यांना पोहता येत नाय. मला खाडीत पोहता येतं, पण खाडी आपल्याला धरून ठेवते, हे पाणी ढकलतं, आणि ढकलून खडकावर घासतं. आम्ही दोघं त्या खडकाच्या माथ्यावर, एकमेकांना धरून, वरती रस्त्याच्या कठड्यावर सकाळी चालायला आलेली माणसं जमलेली. कोणी हात हलवत होतं, कोणी फोन धरून उभं. काळुरामदादांनी आधी रोह्याच्या धावीरमहाराजांना बोलावलं, मग गावच्या आईला, मग बायकोला, मग मला शिव्या, मग परत पहिल्यापासून. मी मात्र तिथीच मोजत होतो. एकदा, दोनदा, बोटांवर. मला जास्त भीती पाण्याची नव्हती. मला वाटत होतं, ही एवढी एक गोष्ट मला येत होती, आणि तीपण इथे चालत नाय.

आणि तेव्हा फोन वाजला. नूतनचाच. मीच तिला कबूल केलं होतं की नारळ देताना दाखवीन, ती नारळीभात टाकून बसली होती. शर्टाच्या वरच्या खिशातून फोन काढायला मी काळुरामदादांचा एक हात सोडवला, त्यांनी घाबरून दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरली, आणि फोन कुंडात. सरळ खाली. तळाला जाऊन तोंड वर करून बसला, आणि आत्या, तो वाजत होता. त्या घासलेल्या पेल्यासारख्या पाण्यात मला अक्षर न अक्षर दिसत होतं, नूतन, खांब, आणि तिचा तो पिवळ्या ड्रेसमधला फोटो. एक खेकडा शंख ओढत आला आणि तिच्या कपाळावर बसला. बाजूला ते फूल उघडलेलं. ती वाजते आहे आणि मी उचलू शकत नाय. मग ती बंद झाली. मग फोन बंद झाला. आयुष्यात मी पुष्कळ फोन उचलले नायत (मुकादमांचे, बँकेवाल्यांचे, तुझे), हा एक उचलायचा होता.

सुटका कशी झाली ते लिहायची लाज वाटते, पण धनेशने ते काढलं आहे तेव्हा लपवून उपयोग नाय. होडी आली नाय, दोरी आली नाय. ती पाटीवाली म्हातारी उठली, लुगडं खोचलं, डोक्यावर पाटी तशीच ठेवून पाण्यातून चालत आमच्याकडे आली. चालत. पाणी तिच्या कंबरेला होतं. आम्ही कंबरभर पाण्याला बघून देव गोळा करत होतो. तिने काळुरामदादांचं मनगट धरलं, मला मानेने मागे ये म्हणाली, आणि बैल पाण्याला नेतात तसं दोघांना वाळूवर आणून सोडलं. तिथे मला कळलं की त्या समुद्राचं घड्याळच वेगळं. पुनवेची भरती आपल्याकडे बाराला, तिथे नऊलाच, म्हणजे सहाला पाणी अर्धं चढलेलं. दोन समुद्र, दोन भरत्या. मामा एका बाजूला बरोबर, दुसऱ्या बाजूला बुडाले. आणि वाळूवर काय, तर माझा नारळ. आमच्या आधी पोचलेला. म्हातारीने तो उचलला, कानाशी हलवून बघितला, पाणी आहे असं मानेने सांगितलं, आणि माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होतो. तिला वाटलं, मी लाजतो.

पुढचं थोडक्यात. गँगला पास नसल्याने गेटावर सगळी पोरं उभी राहिली, काळुरामदादा अनवाणी गेटावर गेले, आणि साहेबाने त्यांना विचारलं की समुद्रकिनाऱ्यावर पासांचं काय काम होतं.  धनेशचा व्हिडिओ आम्ही वाळूवर पोचायच्या आत खांबला पोचला होता. तो केरूकाकांनी बघितला. परत लावायला सांगितला. आणि म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा हा पोरगा एका जागी उभा राहिलेला बघितला." एवढंच म्हणाले. हो म्हणाले नायत, नाय म्हणाले नायत. कोलाडचा तो दुकानवालाही तिथेच ओट्यावर होता, असं धनेश सांगतो, आणि तो हसला नाय, गंभीर झाला. हसणाऱ्याची भीती नाय आत्या, गंभीर होणारा माणूस पोरगी घेऊन जातो.

तर माझं हे असं आहे. समुद्राने नारळ घेतला नाय, म्हणजे माझा पाय ठरणार नाय आणि केरूकाकांची मान हलणार नाय, हे आता लेखी झाल्यासारखं आहे. नारळ खोलीत फळीवर ठेवलाय. सकाळी उठलो की तो माझ्याकडे बघतो. (कोंबड्यांसारखा. पण तो एकटाच आहे, म्हणून जास्त वाईट.) बाकी कामाचं ठीक चाललं आहे, दिवाळीपर्यंत मी इथेच आहे, तू काळजी करू नको. गुडघ्यांना तेल लाव. शेळीचं कळव.

तुझा आज्ञाधारक (एवढं एकच पत्रात खोटं आहे असं मामा म्हणतील),
निकेश

ता. क. अक्षर बदललंय कारण हे आता हलतंय. हे पत्र पोस्टात टाकायला मी खोलीवरून निघालो होतो. पोस्ट स्टेशनच्या वाटेवर लागतं. पोस्टापाशी मी थांबलो नाय. एवढंच. गाडीत बसायला जागा आहे, समोर एक कुटुंब आहे, त्यांचं बाळ नारळाशी खेळतंय. वर लिहिलेलं ‘दिवाळीपर्यंत मी इथेच आहे’ हे वाक्य मामांनी वाचलं नसेल तर खोडून टाक.

ता. क. दुसरा. तुला वाटेल, हाकललं. तसं नाय, आणि हेच तुला सांगायला जीव धजत नव्हता. काळुरामदादांनी नवे पास करून आणले, मला म्हणाले, गुरुवारपासून ये, फक्त माझ्यासमोर पुनवेचं नाव काढू नको. कोणी हाकललं नाय. मीच आलो. यावेळी कोंबड्यांचं कारण नाय. त्या दिवशी संध्याकाळी धनेशच्या फोनवरून नूतनशी बोललो. मला वाटलं, रडेल, नाय तर फोन ठेवेल. ती आधी पोटभर हसली. मग तिने विचारलं, फूल बुडालं का. मी म्हटलं, ते बुडत नाय, पाणी आलं की उलट उघडतं. मग मी माझं रडगाणं लावलं की नारळ परत आला, दर्या नाय म्हणाला, आता इथे दिवाळीपर्यंत मरतो तसा राहतो. तर म्हणाली, "बाबा एका जागी राहा म्हणाले. कुठल्या जागी, ते कुठे म्हणाले? तुझा नारळसुद्धा काठाकडेच यायला बघत होता ना रे येड्या." आणि ठेवला. आत्या, मी रात्रंदिवस यावर विचार केलाय, माझ्या डोक्याला एवढी सवय नाय. डोलवीला ठेकेदाराकडे परत माणसं घेतायत, मामांची त्याच्याशी ओळख आहे. तिथे शिफ्ट बदलते ती बदलू दे. भरतीसुद्धा रोज बदलते आणि मामा जन्मभर एकाच उघाडीवर उभे राहिले. पण हे मी त्यांना तोंडावर सांगू शकत नाय, तू सांग, आणि खांबला केरूकाकांकडे मामांना घेऊन तूच जा. मी गेलो तर ते परत तो व्हिडिओ लावतील.

ता. क. शेवटचा. आता मी कासू स्टेशनच्या बाकड्यावर आहे. हे पत्र पोपटच्या मिनीडोर रिक्षातून पाठवतोय, तो दारातच उभा असेल, त्याला पाणी दे आणि त्याच्यासमोर शिव्या देऊ नको, तो अर्ध्या वाटेत सगळ्यांना सांगतो. तुझी शपथ मला आठवते, म्हणून सरळ दारात आलो नाय. तू काही बोलू नको, काही लिहू नको. पोपटकडे नुसता डबा पाठव. डब्यात कोरडी भाकरी असली तर मी समजेन, ती खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाईन, काळुरामदादा गुरुवार म्हणालेत. बिरडं असलं तर घरी येतो. कडवे वाल भिजवून मोड आणायला वेळ लागतो ते मला माहीत आहे, पण आज श्रावणातला सोमवार, तुझे वाल कालपासूनच फडक्यात बांधलेले असणार. खोबऱ्यासाठी अडू नको. नारळ पोपटकडे दिलाय. दर्याचा प्रसाद आहे, आणि पाणी आहे त्यात, मी हलवून बघितलंय.